परत बोलून दाखवणारी

ज्योत्स्नाला मी एकदा सांगितलं, येताना बाजारातून पावशेर लसूण घेऊन ये. ती दारातच थांबली. "पावशेर लसूण, येताना," असं म्हणाली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी "बरोबर" म्हणेपर्यंत ही बया जागची हलली नाही. आमच्या मिलमधल्या निवडणाऱ्या बायांनी तिचं नाव राघू ठेवलं ते काही उगाच नाही.

मी महानंदा. लातूरच्या मार्केट यार्डाच्या मागं आमची डाळ मिल आहे. आमची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, चन्नबसप्पाची. सगळा बाजार त्याला अण्णा म्हणतो, मीही म्हणते. नवरा गेल्यावर मी माहेरी आले आणि मिलच्या ऑफिसात बसले. तेव्हापासून हमालांपासून आडत्यांपर्यंत कुणाशीही भांडायचं असलं की अण्णा मला पुढं करतो. माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण ज्योत्स्नाबद्दल बोलायचं तर नुसत्या तिखटानं भागत नाही, म्हणून जरा सावकाश सांगते.

मुलगी नांदेडची. आडनाव गजभारे. वडील, धम्मानंद गजभारे, रेल्वेत स्टेशन मास्तर होते आणि त्यांची बरीचशी नोकरी किनवटकडच्या एकेरी लाइनीवर, इस्लापूरच्या बाजूच्या एका लहानशा स्टेशनात गेली. एकेरी लाइन म्हणजे जायला आणि यायला रूळ एकच. म्हणून गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला फोन करून विचारायचं, सोडू का? पलीकडचा मास्तर ते विचारणं जसंच्या तसं परत बोलणार, मग होकार देणार, तो होकार इकडचा परत बोलणार, आणि मगच गाडी हलणार. सुट्टीत ज्योत्स्ना त्या स्टेशनात बापाच्या खुर्चीजवळ खेळत असायची. त्यांच्या घरी जेवताना मीठ मागितलं तरी आधी "मीठ" असं परत ऐकू यायचं म्हणे. आमच्याकडं मीठ मागितलं की "एवढं तर घातलंय" असं ऐकू येतं. घराघरांची रीत वेगळी.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून ती पुण्याला गेली आणि तिथं काही वर्षं एकच काम शिकली: दोन कंपन्यांच्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलायला लावायचं. मला हे काही केल्या कळेना. मग तिनंच विचारलं, अक्का, पूर्वी यार्डात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा ना? कितवं बोट म्हणजे काय भाव हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून परगावच्या अनोळखी माणसाशीही न बोलता सौदा पटायचा. तसंच हे. मागणी कशी लिहायची, तिचं उत्तर कसं द्यायचं, माल निघाला हे कसं कळवायचं, बिल कसं लावायचं, याची जगभरातल्या व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलेली एक रीत आहे. ती रीत पाळली की लातूरची मिल आणि हैदराबादची कंपनी एकमेकींचं तोंड न बघता व्यवहार करू शकतात. हे तिनं सांगितलं आणि मला पटलं.

मोठ्या कंपन्या हे कधीच करून बसल्या होत्या. लहान मिलवाले मात्र अजून फोनवर ओरडत होते, म्हणून मोठी गिऱ्हाइकं त्यांच्या हातून जायला लागली होती. हे बघून ती पुण्याची नोकरी सोडून परत आली आणि यार्डासमोर एका दुकानाच्या माडीवर एकटीनं ऑफिस उघडलं. लहान मिलांना मोठ्या गिऱ्हाइकांशी जोडून द्यायचं, हा तिचा धंदा. सगळ्या बाजारात पहिला तयार झाला तो अण्णा. बाकीचे मिलवाले कडेला उभे राहून बघत होते. अण्णाचं बरं झालं तर आपण उतरू, आणि बुडालं तर "बघा, पोरीच्या नादानं गेलं" म्हणू. हे तिलाही ठाऊक होतं. आमची मिल टिकली तर ती या बाजारात राहणार, नाहीतर माडीला कुलूप लावून पुण्याची वाट धरणार.

आता गादीचं सांगते. आमच्या ऑफिसात वडलांच्या, म्हणजे आप्पांच्या, किराणा दुकानापासूनची गादी आहे. पांढरी खोळ, मागं लोड, आणि वर भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो. गादीपुढच्या बुटक्या डेस्कावर पूर्वी वह्या असायच्या, आता कॉम्प्युटर आहे. येणारा व्यापारी चपला काढून गादीवर टेकतो, आडत्याचं पोरगंही टेकतं. माझे गुडघे मांडी घालू देत नाहीत म्हणून मी खुर्चीवर. ज्योत्स्ना पहिल्या दिवशी आली तेव्हा अण्णानं तिचं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि हमालाला म्हणाला, "पोरीला खुर्ची दे." प्लास्टिकची खुर्ची आली. तेव्हापासून ती गादीच्या कडेला त्या खुर्चीवर बसून, कमरेत वाकून, हात लांब करून डेस्कावरच्या कॉम्प्युटरवर काम करायची. गादीवर बसू नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडं जे बोलत नाहीत ते सगळ्यांना पाठ असतं. मला त्याचा राग यायचा. वर फोटो कुणाचा आणि खाली रीत कसली, असं मी अण्णाला एकदा तोंडावर म्हटलं, तर तो म्हणाला, "तिनं मागितली म्हणून खुर्ची दिली." तिनं काही मागितलं नव्हतं.

कामात मात्र तिची घडी लवकर बसली. आमचं मोठं गिऱ्हाईक झालेल्या हैदराबादच्या कंपनीची ऑर्डर कॉम्प्युटरवर यायची. आली की आपोआप पोच जायची. पोच म्हणजे नुसतं "मिळालं". त्यानंतर माणसानं ऑर्डर वाचून उत्तर द्यायचं. उत्तरं तीन: होकार, नकार, नाहीतर "होकार, पण एवढा बदल करून." होकार एकदा गेला की तो शब्द. करारातच लिहिलेलं होतं की होकार देऊन माल वेळेत आला नाही तर त्या मिलचं नाव यादीतून जाणार. ज्योत्स्नानं अण्णाला हे तीनदा समजावलं, आणि प्रत्येक वेळी अण्णाला ते परत बोलून दाखवायला सांगितलं. अण्णा नुसता हसला. मालक माणूस, दुसऱ्याचं बोलणं परत कशाला बोलेल?

अण्णाची एक रीत होती आणि ती कंपनीच्या कुठल्या कागदात नव्हती. सकाळची पहिली ऑर्डर म्हणजे बोहणी. बोहणीला नाही म्हणायचं नाही, घासाघीस करायची नाही, गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. मग ते दारात उभं असो की हैदराबादहून आलेलं असो. सकाळी कपाळाला विभूती लावून अण्णा यायचा, तीन बोटं कॉम्प्युटरच्या कपाळावरही ओढायचा, उदबत्ती फिरवायचा आणि पहिल्या ऑर्डरचं होकाराचं बटण स्वतःच्या हातानं दाबायचा. ज्योत्स्ना म्हणायची, "अण्णा, आधी वाचा." अण्णा म्हणायचा, "बोहणी वाचत न्हाईत, घेतात."

एका सकाळी ज्योत्स्ना जरा उशिरा आली. खुर्ची ओढून तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. बोहणीची ऑर्डर तूरडाळीची होती, नेहमीच्या दहापट माल, आणि मुदत नेहमीचीच, त्याच आठवड्याची. होकार गेलेला होता.

"अण्णा, ही ऑर्डर चुकून आलीया. एवढा माल ते कधीच घेत न्हाईत."

"महादेवानं दिलं," अण्णा म्हणाला. त्याचं तोंड नुसतं फुललं होतं. "एवढ्या वर्षांत अशी बोहणी झाली न्हाई."

"आपली मिल रातंदिवस चालवली तरी एवढी डाळ होत न्हाई. आणि तूर कुठाय?"

"तूर आणतो की! यार्ड हाय कशाला?"

त्यानं आडत्यांना फोन लावायला सुरुवात केली. आमच्या यार्डात बातमी पसरायला कसलाही मेसेज लागत नाही. अण्णाला ढीगभर तूर पाहिजे आणि घाईनं पाहिजे, एवढं दोघांना कळलं की सगळ्यांना कळलं. दुपारच्या आत तुरीचा भाव असा चढला की आणलेल्या तुरीची डाळ करून विकली तर मिलही विकावी लागली असती. फोन ठेवता ठेवता अण्णाचा आवाज खाली आला. कपाळावरची विभूती घामानं ओघळली. मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

मग तो ज्योत्स्नाकडं वळला. "त्यांना लिही, मशीन बिघडली. होकार आपोआप गेला. आमी कायबी दाबलं न्हाई."

तिनं डेस्कावरचा हात काढून घेतला.

"मशीन तुझी हाय. तू लिहिलंस की ते मानतील. मशीनला कुणी रागवत न्हाई."

"मशीननं पाठवलं न्हाई, अण्णा. तुम्ही दाबलं."

ऑफिसात आडत्याचा एक माणूस बसलेला होता. त्याच्यासमोर हे ऐकून अण्णाचा पारा चढला. "तू आमची का त्यांची? पैसे कुणाचे घेतीस?"

"मी मधल्या तारेची," ती म्हणाली. "तार खोटं बोलली तर दोन्हीकडची गेली. उद्या तुमचा खरा होकारबी कोण मानंल?"

"मग तुझी तार तुझ्यापाशी ठेव. उद्यापासून येऊ नको!"

ज्योत्स्ना उभी राहिली. आणि सवय कुठं जाते? तिच्या तोंडून निघालंच, "उद्यापासून येऊ नको." असं म्हणून ती अण्णाच्या तोंडाकडं बघत राहिली. अण्णानं मान फिरवली आणि फोन उचलला. तिनं पिशवी घेतली आणि बाहेर गेली.

ती घरी गेली असेल असं मला वाटलं. पण थोड्या वेळानं बघते तर वजनकाट्याजवळच्या लिंबाखाली, ओट्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. मी ताक घेऊन गेले.

"जा ना गं पोरी. कामून बसून राहिलीस?"

"उत्तर लिहून ठेवलंय, अक्का. पण बटण अण्णांनीच दाबायला पाहिजे. होकार त्यांचा होता, तर माघारबी त्यांचीच."

"मशीन बिघडली एवढं लिहिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? ऑफिस वाचलं असतं तुझं."

तिनं ताक प्यायलं, पेला जमिनीवर ठेवला आणि मला बापाची गोष्ट सांगितली. एकदा धम्मानंद मास्तरांनी लाइन मोकळी नसताना पुढच्या स्टेशनाला होकार देऊन टाकला. झोप झालेली नव्हती, चुकून दिला. गाडी अजून हलली नव्हती. त्यांनी लगेच फोन केला, गाडी सोडू नका, मी चुकीचा होकार दिला, तो मागं घेतो. गाडी उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही. नंतर चौकशी लागली तेव्हा सोबतचे लोक म्हणाले, फोन खराब होता असं लिहा मास्तर, नीट ऐकू आलं न्हाई म्हणा, सुटाल. मास्तरांनी लिहिलं, फोन चांगला होता, चूक माझी. त्यांची पगारवाढ थांबली.

"आई लई भांडली तवा," ज्योत्स्ना म्हणाली. "बाबा म्हणाले, फोन खराब म्हणून लिहिलं तर पुढचे मास्तर त्या फोनवर भरवसा ठेवणार न्हाईत. आणि दिलेला शब्द मागं घेता येतो, पण समोरच्याला सांगून. न सांगता घेतला तर ती चोरी."

मी तिथंच ओट्यावर टेकले. या पोरीला आम्ही राघू म्हणत होतो! राघूला बोलल्याचा अर्थ कळत नसतो.

मग मी उठले आणि तशीच अण्णापुढं जाऊन उभी राहिले. आडत्याच्या माणसाला म्हटलं, तू चहा पिऊन ये. तो गेला.

"अण्णा, आप्पांच्या किराणा दुकानात तू बसायचास. सकाळी पहिलीच बाई आली आणि घाईत म्हणाली, पोतंभर मीठ दे. काय करायचास?"

"आता हे कशाला मधीच?"

"सांग की."

"विचारायचो. म्हणायचो, वैनी, घरी लग्न हाय का?"

"मग बोहणी मोडायची का तुझी?"

अण्णानं हातातला फोन डेस्कावर ठेवला. बाहेर चाळणीचा आवाज चालू होता. "विचारायला लाज कशाची," असं तो शेवटी म्हणाला, माझ्याकडं न बघता, आणि उठून दारापर्यंत गेला. तिथून त्यानं हाक मारली नाही, नुसता हात केला. ज्योत्स्ना आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि लिहिलेलं वाचून दाखवलं.

"आज सकाळी तुमच्या ऑर्डरला आम्ही होकार दिला. तो न वाचता दिला. चूक आमची. नेहमीइतका माल वेळेवर देऊ. एवढा माल खरंच हवा असेल तर कळवा, टप्प्यानं देऊ."

"चूक आमची, तेवढं काढ."

"काढते. त्या जागी काय लिहू?"

अण्णानं विचार केला. लोडावर बोटं वाजवली. "राहू दे," म्हणाला.

"आता तुम्ही बोला, अण्णा. तुमच्या नावानं जाणार हाय."

मला वाटलं, आता हा पुन्हा भडकणार. पण नाही. माझ्या भावानं, ज्यानं आयुष्यात कुणाचं बोलणं परत बोललेलं नाही, चष्मा लावून ते सगळं मोठ्यानं बोललं. "चूक आमची" पाशी त्याचा आवाज अडखळला, घसा खाकरून तो परत बोलला. मग बटण दाबलं. लगेच टिंग झालं.

"झालं? मानलं त्यांनी?"

"ही पोच हाय, अण्णा. त्यांना मिळालं एवढंच. होकार यायचाय."

संध्याकाळपर्यंत काहीही आलं नाही. अण्णानं आडत्यांना सौदे थांबवायला सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींची तूर घ्यावीच लागली, चढ्या भावानं. ती खोट अंगावर आली. ज्योत्स्ना पिशवी घेऊन गेली. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलवर आले तर ज्योत्स्ना दारात उभी. मी म्हटलं, "तुला तर येऊ नको म्हणाला होता."

"म्हणाले होते. मी परत बोलून दाखवलं. पण अण्णांनी बरोबर कुठं म्हटलं?"

मी हसले आणि हसता हसताच मला भीती वाटली, कारण मागून अण्णा येत होता. त्यानं हे ऐकलं होतं. तो आत गेला, विभूती लावली, उदबत्ती फिरवली. कॉम्प्युटरवर उत्तर आलेलं होतं. तीच त्या दिवसाची बोहणी.

या खेपेला अण्णानं बटणाला हात लावला नाही. आधी वाचलं, अक्षर न् अक्षर, मोठ्यानं. कंपनीनं ऑर्डर बदलून नेहमीइतकी केली होती. आकडा त्यांच्या कॉम्प्युटरच्या अंदाजातच चुकला होता, तिकडंही कुणा माणसानं तो बघितलेला नव्हता. मात्र होकार देऊन माघार घेतल्याबद्दल पुढचे काही महिने आमच्या मिलवर लक्ष ठेवणार, असंही खाली लिहिलेलं होतं. अण्णा तेही मोठ्यानं बोलला. आवाज पाडला नाही. मग होकार दिला.

ज्योत्स्ना तिच्या खुर्चीकडं गेली आणि नेहमीसारखी कमरेत वाकून पुढचं काम लावायला लागली. अण्णा बघत होता. मीही बघत होते. तिचा हात डेस्कापर्यंत पुरता पोचत नव्हता. रोजच पोचत नव्हता.

अण्णा गादीवरून सरकला. लोड एका बाजूला ढकलला. "वाकून वाकून किती दिवस करशील?" तो म्हणाला. "गादीवर बस."

ज्योत्स्नाचा हात थांबला. तिनं वळून बघितलं.

"गादीवर बस," ती म्हणाली. आणि अण्णाच्या तोंडाकडं बघत राहिली.

आता मान फिरवलीस अण्णा, तर मीच या मिलमध्ये पाऊल टाकणार नाही, असं मी मनात म्हटलं.

अण्णानं मान फिरवली नाही. चष्मा काढून हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघत सावकाश म्हणाला, "बरोबर."

तिनं चपला काढल्या.